वहीतली येणेबाकी

माझी कादंबरी वाचलेले लोक ती गिरणी संपावरची कादंबरी आहे असं सांगतात, आणि ते खरंच आहे. पण लिहिताना माझ्यासमोर सतत होती ती खानावळ. माझी आई मुंबईत डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीत, १६० चौरस फुटांच्या खोलीत, गिरणीतल्या वीस-पंचवीस माणसांना दोन वेळचं जेवण घालायची. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून जेवणाची वही मी लिहायचे, पाचवीत असल्यापासून. लेखनाला सुरुवात कशी झाली, असं मला कुणी विचारलं की मी त्या वहीपासूनच सांगते.

गिरणगाव, म्हणजे मुंबईतला कापड गिरण्यांचा भाग, ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. कोकणातून, साताऱ्याकडून, कोल्हापूरकडून आलेल्या पुरुषांपैकी बहुतेकांची बायकामुलं गावी असायची. इथे एकाच गावची माणसं मिळून गाळ्यात राहायची. एका खोलीत पंधरा-वीस जण, कधी त्याहून जास्त. प्रत्येकाची एक पत्र्याची ट्रंक आणि एक वळकटी. पहिल्या पाळीचा माणूस कामावर गेला की रातपाळीचा त्याच जागेवर झोपायचा. अशा गाळ्यात चूल नसायची, म्हणून जेवण खानावळीत. खानावळ म्हणजे पाटी लावलेलं हॉटेल नव्हे, कुणाच्या तरी घरातलं स्वयंपाकघरच. आमच्याकडे पहाटे नळाला पाणी आल्यापासून रातपाळीची माणसं जेवून जाईपर्यंत स्टो विझत नसे.

वहीत माणसाच्या नावापुढे त्याचं गाव, गिरणी आणि पाळी. खाली महिन्याच्या तारखा. जेवला की उभी रेघ, नाही जेवला तर खाडा, आणि खाड्याला गोल. पाहुणा आणला असेल तर जादा ताट, त्यासाठी आडवी रेघ. पगार झाला की खाडे वजा करून हिशोब व्हायचा. मी गोल आणि रेघा काढायचे, आणि ते काढता काढता मला माणसं कळत गेली. दर गुरुवारी ज्याला खाडा त्याचा उपास. शिमग्याला सलग गोल आले की माणूस कोकणातला. अचानक मध्येच गोलांची रांग लागली तर बाबा केईएम रुग्णालयात चौकशीला जायचे. एखाद्यापुढे महिनाभर आडव्या रेघा दिसल्या तर गावाहून धाकटा भाऊ आलाय आणि त्याला गिरणीत बदली कामगार म्हणून लावायची खटपट चाललीय, हे न विचारता समजायचं. पुढे मी कादंबऱ्या वाचायला लागले तेव्हा पात्राच्या मनाचं पानभर वर्णन आलं की मला वाटायचं, हा माणूस जेवतो कधी, कुणाकडे, आणि पैसे कधी देतो? वाचक म्हणून ही सवय मला त्या वहीने लावली.

दुसरी देणगी जेवायला येणाऱ्या माणसांचीच. त्यांतले काही जण दामोदर हॉलमध्ये होणाऱ्या कामगारांच्या नाटकांत कामं करायचे. पंगतीला बसूनही ते संवाद म्हणायचे. साचेखात्यातला, म्हणजे मागांच्या खात्यातला, एक वीणकर स्त्रीभूमिका करायचा. तो भाताची मूद फोडताना रडण्याचा प्रवेश असा म्हणायचा की आई वाढायची थांबायची. गाळ्यातली भजनं, दशावतार, गणपतीतले देखावे, चाळीच्या गॅलरीत मोठ्याने वाचला जाणारा ‘नवाकाळ’, या सगळ्यांतून मराठी माझ्या कानावर तऱ्हेतऱ्हेची पडली. आई मालवणी बोलायची, आजऱ्याकडची माणसं कोल्हापुरी, पाटणची माणसं त्यांचं वेगळंच, आणि आम्ही पोरं चाळीचं. पुढे कादंबरीचं सगळ्यांत कठीण काम ह्या बोलींनीच मला लावलं, ते पुढे सांगते.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी आठवीत होते. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. वहीत पहिले दोन-तीन महिने काहीच बदललं नाही. रेघा होत्या, खाडे होते, फक्त महिनाअखेरीच्या रकान्यात पैसे जमा झाल्याची खूण नव्हती. आई म्हणायची, संप मिटला की देतील. आईही वाण्याकडून उधारीवरच सामान आणत होती. पावसाळ्याच्या आसपास नावं गळायला लागली. एकेका नावापुढे मी ‘गावी’ असं लिहायला लागले. काही जण सांगून गेले, आईच्या पाया पडून गेले. काही रात्रीत गेले. त्या वर्षीच्या वहीची शेवटची पानं बघितली तर नावं, ‘गावी’, आणि येणं असलेली रक्कम, एवढंच आहे. माझे बाबाही साच्यावरचे. त्यांना परत घेतलं नाही.

संपाबद्दल मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं आहे. नेते, मालक, मान्यताप्राप्त संघटना, १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा, पुढे गिरण्यांच्या जमिनी. ते सगळं गरजेचंच आहे. पण गिरणगावात हजारो बायका खानावळी चालवत होत्या आणि त्या कुठल्याच हजेरीपटावर नव्हत्या. त्यांना पगार नव्हता, फंड नव्हता, ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड नव्हतं. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि अशा बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून दिलं, ही त्यांची पहिली मोठी दखल. आमची आई मंडळात नव्हती, तिच्या ओळखीच्या दोघी होत्या. संपात घरी बसलेल्या माणसाला फुकट जेवू घालणारी बाई ही संपाची सर्वांत मोठी देणगीदार होती, असं मी आजही म्हणते. ही एक गोष्ट सांगायची म्हणून मी कादंबरी लिहिली.

मध्ये पुष्कळ वर्षं गेली. मी टेलिफोन खात्यात लागले, लग्न झालं, डोंबिवलीला गेले. कथा लिहीत होते, एखाददुसरी छापूनही यायची. जानेवारी २०२० मध्ये एमटीएनएलच्या स्वेच्छानिवृत्ती योजनेत बाहेर पडले आणि मार्चमध्ये टाळेबंदी लागली. आई तेव्हा माझ्याकडेच राहायची. वह्या तिच्या ट्रंकेत होत्या. त्या तिने कधीच टाकल्या नाहीत, कारण तिच्या लेखी व्यवहार संपलेला नव्हता. ‘पैशे येवचे आसत,’ ती म्हणायची. चाळीस वर्षांपूर्वीचं येणं ती तोंडपाठ सांगू शकत होती.

मी आधी पात्रं लिहिली नाहीत, तक्ता केला. कादंबरीत खानावळीचे अकरा गिऱ्हाईक ठेवले आणि प्रत्येकाकडे कुठल्या महिन्यात किती येणं साचलंय हे मांडलं. दुसऱ्या तक्त्यात खानावळवालीचं वाण्याकडचं, रॉकेलवाल्याकडचं, कोळणीकडचं देणं. जानेवारीपासून पुढे हे दोन आकडे कसे वाढतात यावर प्रकरणं बसवली. प्रत्येक प्रकरण म्हणजे एक महिना. मोर्चा, सभा, गेटवरची मारामारी ही प्रत्येक घटना मला ‘त्या दिवशी किती पानं जेवली’ या प्रश्नातून दिसायला लागली. मोर्चाच्या दिवशी भाकऱ्या जास्त लागतात, कारण माणसं बांधून नेतात. पोलिसांनी धरपकड केली की भात उरतो. हे सुचलं तेव्हा मला खात्री झाली की हे पुस्तक होणार.

लिहायचे मी हातानेच, फूलस्केप वहीत, पहाटे साडेचार ते सात. ती वेळ आईमुळे अंगवळणी पडलेली. संध्याकाळी लिहिलेलं आईला वाचून दाखवायचे. ती डोळे मिटून ऐकायची आणि मध्येच हात वर करायची. एका प्रकरणात खानावळवाली रात्री एकटी बसून रडते असं होतं. आई म्हणाली, ‘गो बाय, माका रडूक येळ खंय होतो? हिशोब कोण करतलो?’ मी तो परिच्छेद काढला आणि तिथे ती बोटांच्या पेरांवर आकडेमोड करते तो प्रसंग लिहिला. पुस्तक वाचलेल्यांपैकी अनेकांनी याच पानाबद्दल मला कळवलं. आई संपादकाकडे पुस्तक जाईपर्यंत होती. पुस्तक हातात आलं तेव्हा नव्हती. त्याबद्दल इथे याहून जास्त लिहवत नाही.

आठवणींवर कादंबरी उभी राहते, पण तारखा आठवणींवर सोडता येत नाहीत. टाळेबंदी उठल्यावर दादर पूर्वेला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या संदर्भ विभागात जायला लागले. ही संस्था १८९८ ची. जुन्या वर्तमानपत्रांसमोर बसलं की मोठ्या बातम्यांपेक्षा छोट्या जाहिराती जास्त कामाच्या ठरतात. रेशनवर त्या आठवड्यात काय मिळणार, कुठला सिनेमा भारतमाताला लागलाय, गावाला जाणाऱ्या जादा एसटी गाड्या कधी सुटणार. गाव सोडून आलेला माणूस परत कोणत्या गाडीने गेला असेल हे कळलं की निरोपाचा प्रसंग आपसूक उभा राहतो.

मग वहीतल्या गावांना गेले. आजरा, चंदगड, सावंतवाडीच्या आसपास. बरीच माणसं राहिली नव्हती. जी भेटली त्यांच्याकडे एक गोष्ट सारखी होती. प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेली कागदं: गिरणीचा पास, तिकीट नंबर, फंडाची पावती, ईएसआयचं कार्ड. गिरणी कामगारांच्या घरांसाठी दीड लाखाच्या आसपास अर्ज आले होते आणि म्हाडाची पहिली सोडत २०१२ मध्ये निघाली. त्या घराच्या आशेवर ही कागदं अजून जपलेली. पिशवी उघडून ती दाखवल्याशिवाय कुणी बोलायला सुरुवात करत नसे. मी माझी वही काढायचे. आजऱ्याजवळच्या एका काकांनी स्वतःचं नाव, त्यापुढचे खाडे बघितले आणि बोट ठेवून म्हणाले, ‘ह्यो खाडा न्हाई. त्या दिशी मी जेवलोय. बोंबील हुतं.’ मग उठून आत गेले आणि येणं किती ते विचारून पैसे घेऊन आले. मी घेतले नाहीत. ते ऐकेनात. शेवटी त्यांच्या सुनेने मला तांदूळ बांधून दिले, ते मात्र मी आणले आणि आईला भात करून घातला. हा प्रसंग मी कादंबरीत घेतला नाही. तिथे तो घातला असता तर हिशोब मिटला असं वाचकाला वाटलं असतं.

शेवट कसा करायचा हा प्रश्न सर्वांत जास्त दिवस पुरला. मुंबईच्या गिरणी संपाची गोष्ट अशी की तो अधिकृतपणे कधी मागेच घेतला गेला नाही. तो विरत गेला. काही गिरण्या थोड्या माणसांवर सुरू झाल्या, काही उघडल्याच नाहीत. ज्या घटनेला शेवटची तारीख नाही ती कादंबरीत कुठे थांबवायची? न्यायालय, आयोग, गिरणीच्या जागेवर उभा राहिलेला मॉल, असे शेवट हाताशी होते, पण ते सगळे खोलीबाहेरचे होते. माझी बाई खोलीत होती. शेवटी तक्त्यांनीच उत्तर दिलं. येण्याचा आकडा वाढायचा थांबतो तो महिना, म्हणजे जेवायला कुणीच उरत नाही तो महिना, तिथे खानावळ संपते. देण्याचा आकडा मात्र चालूच राहतो. त्या महिन्यात बाई मोठी पातेली विकते आणि घरातल्या चौघांचा भात करायला लहान पातेलं शोधते. तिला चौघांच्या भाताचं माप आठवत नाही. शेवटचं प्रकरण त्यामुळे छोटं झालं, आणि छोटं राहिलं तेच बरं झालं.

आता छापून येण्याची हकीकत. त्यातला पहिला टप्पा दिवाळी अंकाचा. १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ने सुरू केलेली ही परंपरा आहे म्हणून आमच्यासारख्यांना अजून दार उघडं आहे. नाव नसलेल्या लेखकाचं पंधरा-वीस पानांचं लेखन वाचून घेणारे संपादक दिवाळी अंकांतच भेटतात. साहित्य उन्हाळ्यात किंवा फार तर जून-जुलैपर्यंत पाठवायला हवं, दसऱ्याला अंक छपाईत असतात. मी एक प्रकरण स्वतंत्र कथेसारखं बांधून पाठवलं. २०२२ च्या दिवाळीत ते आलं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी दोन खानावळवाल्या बायकांच्या मुलींची होती.

प्रकाशकांकडे हस्तलिखित पाठवलं तेव्हा हे प्रकरण सोबत जोडलं. काहींकडून उत्तर आलं नाही. एका ठिकाणाहून खूप आपुलकीने फोन आला आणि पहिल्या आवृत्तीच्या निम्म्या प्रती लेखिकेने विकत घ्याव्यात असा प्रस्ताव आला. मी नाही म्हटलं. स्वखर्चाने पुस्तक काढणं वाईट नाही, मराठीतली कितीतरी चांगली पुस्तकं तशी आली आहेत. पण मग तसं स्वच्छ म्हणावं, बिल लेखकाने भरायचं आणि निवड केल्याचा मान प्रकाशकाने घ्यायचा, हे मला पटत नाही. ज्यांची ऐपत नाही त्यांनी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेची चौकशी जरूर करावी, ती पहिल्या पुस्तकांसाठीच आहे. मी त्या अर्जाची तयारी करत होते, तेवढ्यात पुण्याच्या एका लहान प्रकाशन संस्थेने होकार कळवला.

संपादकांनी पहिल्या भेटीत एकच प्रश्न विचारला. ‘ताई, बाईचं एकूण येणं किती आहे हे तुम्हाला माहीत आहे. वाचकाला पहिल्या प्रकरणात का सांगत नाही?’ मी तो आकडा शेवटासाठी राखून ठेवला होता. त्यांचं म्हणणं, वाचकाला आकडा आधी कळला तर प्रत्येक ताटाबरोबर त्याच्या पोटात खड्डा पडेल. मी घरी येऊन पहिली तीन प्रकरणं पुन्हा लिहिली. मराठीत असं बसून, पेन्सिल घेऊन पानापानावर प्रश्न विचारणारे संपादक आता कमी आहेत. ज्याला मिळाला त्याने त्याचं ऐकावं, भांडावं, पण सोडू नये.

भांडण झालं ते बोलींवरून. मुद्रितशोधक अतिशय काटेकोर होते. साहित्य महामंडळाचे अठरा नियम त्यांना मुखोद्गत. निवेदनातल्या माझ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या जागा त्यांनी नीट केल्या, त्यासाठी मी त्यांची ऋणी आहे. पण त्याच सवयीने त्यांनी मालवणी आणि कोल्हापुरी संवादही प्रमाण मराठीकडे सरकवले. ‘खंय’चं ‘कुठे’ होईना, पण ‘हुतं’चं ‘होतं’ झालं, ‘न्हाई’चं ‘नाही’ झालं. पंगतीतली सगळी माणसं एका गावची वाटायला लागली. मग मी प्रत्येक पात्राची वेगळी शब्दयादी केली, कोण ‘हुतं’ म्हणतो, कोण ‘व्हतं’, कोण ‘होता’, आणि ती यादी मुद्रितांसोबत पाठवली. बोलीत लिहिणाऱ्या प्रत्येकाने ही यादी सुरुवातीलाच द्यावी, अक्षरजुळणी होण्याआधी. माझी टंकलिखित प्रत युनिकोडमध्ये होती आणि त्यांचं काम श्रीलिपी या वेगळ्या फॉन्टप्रणालीत चालायचं, त्या बदलात ‘दुसऱ्या’, ‘भाकऱ्या’, ‘कोऱ्या’ मधला ‘ऱ्य’ जागोजागी तुटला होता. खानावळीच्या कादंबरीत भाकऱ्या किती असणार! त्या एकेक करून शोधल्या.

पानांचाही हिशोब असतो हे मला तेव्हा कळलं. डेमी आकारात सोळा पानांचा एक फर्मा. माझं पुस्तक २७७ पानांवर जात होतं. सतरा फर्म्यांत, म्हणजे २७२ पानांत बसवलं तर खर्च आटोक्यात राहतो. पाच पानं कमी करायची होती. मी गेटवरच्या एका सभेचं लांबलेलं भाषण कापलं. ती पानं मी पुष्कळ मेहनतीने, वर्तमानपत्रं चाळून लिहिली होती. कापल्यावर प्रकरण सरळ उभं राहिलं.

करार झाला तो छापील किमतीवर दहा टक्के मानधनाचा, पहिली आवृत्ती पाचशे प्रतींची. ई-पुस्तक, ऑडिओ आणि अनुवादाचे हक्क स्वतंत्र कलमात घ्यायला मी सांगितलं, संपादकांनी लगेच मान्य केलं. पुस्तक २०२४ मध्ये आलं. मराठी कादंबरीच्या पाचशे प्रती संपायला वेळ लागतो. राज्यातली अकरा-बारा हजारांच्या घरातली अनुदानित ग्रंथालयं हाच अजून मोठा आधार, आणि ग्रंथालयांची खरेदी त्यांच्या वेळेने होते. मी स्वतः करी रोड, लालबाग, काळाचौकी भागातल्या गणेशोत्सव मंडळांच्या वाचनालयांत प्रती घेऊन गेले. तिथल्या एका कार्यकर्त्याने पुस्तक मधूनच उघडलं, एक पान उभ्याने वाचलं आणि विचारलं, ‘ही वही खरी आहे का?’ मी पिशवीतून काढून दाखवली. तो पानं उलटत राहिला. त्याला त्याच्या आजोबांचं नाव सापडलं नाही, पण त्यांच्या गाळ्याचं सापडलं.

आता दुसऱ्या पुस्तकाचं काम चालू आहे. ते कादंबरी नसेल. गिरणगावात खानावळी चालवणाऱ्या बायकांची नावं, गावं, कुठल्या चाळीत किती माणसं जेवायची, संपानंतर त्यांनी काय केलं, हे जमेल तितकं नोंदवते आहे. कोणी घरकामाला लागल्या, कोणी पोळीभाजीचे डबे सुरू केले, कोणी गावी शेतावर गेल्या. बीडीडी चाळींच्या जागी आता टॉवर उभे राहत आहेत आणि घरं रिकामी करताना माळ्यावरच्या वस्तू खाली येत आहेत. तुमच्या आजीची, मावशीची खानावळ असेल आणि अशी एखादी वही हाताला लागली, तर ती रद्दीत देऊ नका. पहिल्या पानावर बाईचं नाव नसेल, बहुतेक नसतंच. ते आधी लिहून ठेवा.